मान दुखणारा माणूस

डायनिंग टेबलाच्या एका टोकाला मी लॅपटॉप उघडून बसले होते आणि दुसऱ्या टोकाला आत्या गवार मोडत होती. लॅपटॉपवर तैवानमधल्या त्साय मिंग-लियांग या दिग्दर्शकाचा 'डेज' हा सिनेमा चालू होता. खुर्चीत बसलेला एक माणूस खिडकीबाहेर बघतोय. बाहेर पाऊस. काचेत हलणाऱ्या झाडांच्या सावल्या, बाजूला पाण्याचा ग्लास. बस्स. माणूस हलत नाही, कॅमेरा हलत नाही, कुणी बोलत नाही. गवारीचा कट् कट् आवाज आणि स्पीकरमधला पाऊस आपापल्या तालात चालू. जरा वेळानं आत्यानं विचारलं, "अडकलंय का गं?" म्हटलं, "नाही, चालू आहे." तिनं चष्मा वर सरकवला, खुर्ची माझ्या बाजूला ओढली आणि परत शेंगा मोडायला लागली, आता पडद्याकडे बघत. आत्याच्या गळ्यात मानेचा पट्टा असतो, त्यामुळे तिला काही बघायचं म्हणजे अख्खं अंग वळवावं लागतं. पुढच्या एकदोन शॉटनंतर, त्या माणसाबद्दल सिनेमानं अजून काहीही सांगितलेलं नसताना, ती म्हणाली, "मान दुखतीये त्याची." मग त्याच्या पाठीवर सुया आणि जळत्या औषधाचा शेक देण्याचा प्रसंग आला तेव्हा तिनं हात थांबवून तो सगळा बघितला आणि विचारलं, "हे आपल्याकडं कुठं करतात?" साडेआठला तिची मालिका लागते. ती ताट उचलून गेली. सिनेमात त्यानंतर हॉटेलच्या खोलीत जे घडतं, ते तिच्याशेजारी बसून बघायची वेळ आली नाही म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं आणि जरा चुटपुटही लागली. तिथंही ती काहीतरी बोलली असती, आणि ते काय असतं ते मला आता कळणार नाही.

त्साय मिंग-लियांगचे सिनेमे मी कॉलेजच्या वयापासून बघते आहे. फिल्म सोसायटीत त्याच्याबद्दल बोलायची एक ठरीव भाषा असते: लाँग टेक, एकाकीपण, महानगर, परात्मता. ती भाषा मीही मनसोक्त वापरलेली आहे. पण त्या भाषेत बोलणाऱ्या कुणीच माझ्यासमोर "याची मान दुखतीये" असं म्हटलं नव्हतं. आणि त्या माणसाची मान खरंच दुखत होती. तो माणूस म्हणजे ली कांग-शेंग, 1991 पासून त्सायच्या जवळजवळ प्रत्येक कामात असलेला नट. तरुणपणी, पहिल्या सिनेमानंतर, त्याची मान अचानक धरली होती आणि काही महिने सुटली नव्हती. वैद्य, डॉक्टर, देवळं सगळं करून झालं. त्सायनं त्या दुखण्यावरून 'द रिव्हर' (1997) रचला. पुढे वीसेक वर्षांनी ते दुखणं परत आलं, तेव्हा त्साय कॅमेरा घेऊन लीच्या उपचारांच्या मागे मागे गेला. काय बनवायचं ते ठरलेलं नव्हतं, पटकथा नव्हती. त्या तुकड्यांमधून 'डेज' (2020) झाला. आत्यानं बघितलेल्या सुया खऱ्या होत्या, शेक खरा होता आणि चेहऱ्यावरची कळही.

सिनेमाच्या सुरुवातीलाच पाटी येते की सबटायटल्स मुद्दाम दिलेली नाहीत. आत्याचं काहीच हुकलं नव्हतं.

त्सायला ली सापडला तो तैवानच्या राजधानीत, तैपेईत, एका व्हिडिओ गेम पार्लरबाहेर, मोटरसायकलवर बसलेला. विशीतला पोरगा, अभिनयाचा गंध नाही. त्साय तेव्हा टीव्हीसाठी काम करत होता आणि पोराटोरांवरच्या एका टेलिफिल्मसाठी त्याला चेहरे हवे होते. चित्रीकरण सुरू झाल्यावर लक्षात आलं, हा पोरगा फार सावकाश आहे. मान वळवायला वेळ लावतो, हाक मारली तर उत्तर यायला वेळ. त्सायनं त्याला नैसर्गिक वाग म्हणून सांगून पाहिलं. लीचं म्हणणं एवढंच की मी असाच आहे. बहुतेक दिग्दर्शकांनी दुसऱ्या दिवशी दुसरा पोरगा आणला असता. त्साय मात्र विचारात पडला की नैसर्गिक म्हणजे नक्की कुणासारखं. त्यानंतरच्या प्रत्येक सिनेमात त्यानं लीला आपल्या वेगावर आणायच्या ऐवजी सिनेमालाच लीच्या वेगावर आणलं. त्याच्या संथपणावर पुष्कळ लिहिलं गेलंय, त्यात बौद्ध विचार येतो, युरोपातले जुने उस्ताद येतात. मला वाटतं मूळ गोष्ट बरीच साधी आहे. एका माणसाला उत्तर द्यायला वेळ लागत होता आणि दुसरा थांबला.

थांबण्याची सवय त्सायला लहानपणापासून असावी. त्याचा जन्म 1957 चा, कुचिंगचा. बोर्निओ बेटावरचं सारावाक. तेव्हा ते मलेशियात सामीलही झालेलं नव्हतं. लहानपणीची काही वर्षं तो आजीआजोबांकडे वाढला. त्यांचा नूडल्स विकायचा धंदा होता आणि दोघांनाही सिनेमाचं जबर वेड. एकानं गिऱ्हाईक बघायचं, दुसऱ्यानं नातवाला घेऊन थेटरात जायचं, असं आळीपाळीनं चाले. एकच सिनेमा पोरगा आजोबांबरोबर बघायचा आणि आजीबरोबर परत. साठच्या दशकातले हाँगकाँगचे तलवारबाज, तैवानचे रडके कौटुंबिकपट, मँडरिन गाणी. त्या गाण्यांवरचं त्याचं प्रेम पुढे कुठल्याही सिद्धांतापुढे झुकलं नाही. 'द होल' (1998) मध्ये जगबुडीसारखा पाऊस कोसळतोय, साथ पसरलीये, गळक्या इमारतीत दोन माणसं अडकलीत आणि मधूनच चमचमत्या कपड्यांत ग्रेस चांगच्या जुन्या गाण्यांवर नाच सुरू होतात. विविध भारतीवर वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. वयाच्या विशीत तो शिकायला तैपेईला आला, नाट्य आणि चित्रपट विभागात, आणि तिथलाच झाला. पण पुरता नाही. तैवानमध्ये तो मलेशियाहून आलेला आणि मलेशियात तैवानला गेलेला. 2006 मध्ये त्यानं क्वालालंपूरला जाऊन 'आय डोन्ट वॉन्ट टू स्लीप अलोन' केला, त्यात एक स्थलांतरित मजूर रस्त्यात मार खाऊन पडलेल्या परक्या माणसाला उचलून आपल्या गादीवर आणतो, त्याचं अंग पुसतो, त्याला लघवीला उभं करतो. मलेशियाच्या सेन्सॉरनं आधी त्यावर बंदी घातली, मग कापाकापी करून सोडला.

'स्वतंत्र दिग्दर्शक' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कर्ज काढलेला, दागिने गहाण टाकलेला कुणीतरी उभा राहतो. त्सायची गंमत अशी की त्याचे पहिले तीन सिनेमे ज्या कंपनीनं केले, ती सेंट्रल मोशन पिक्चर कॉर्पोरेशन चक्क सत्ताधारी कुओमिंतांग पक्षाच्या मालकीची होती. पक्षाच्या पैशातून त्यानं काय दाखवलं? तर 'रिबेल्स ऑफ द निऑन गॉड' (1992) मध्ये सार्वजनिक फोनचे डबे फोडणारी पोरं आणि गटाराचं पाणी तुंबून चपला तरंगणारं घर. 'व्हिव्ह लामूर' (1994) मध्ये विक्रीला काढलेल्या एका रिकाम्या फ्लॅटमध्ये एकमेकांच्या नकळत राहणारी माणसं, त्यातला एक जण अस्थिकलश ठेवायचे कप्पे विकणारा. तैवानमधला मार्शल लॉ उठून पाचसात वर्षं झालेली, तैपेई दणादण बांधली जात होती. त्या सिनेमाच्या शेवटी यांग क्वेई-मेईनं केलेली घरं विकणारी बाई नव्यानं होत असलेल्या एका बागेतून चालत जाते. बाग कसली, उकरलेला चिखल आणि काठ्यांना बांधलेली रोपं. ती बाकावर बसते आणि रडते. पाचसहा मिनिटं. रडताना मधेच थांबते, सिगरेट पेटवते, आता संपलं असं वाटतं आणि परत सुरू. वारा केस तोंडावर आणतो, नाक गळतं. त्या सिनेमाला व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात सुवर्णसिंह मिळाला. मी तो शेवट पहिल्यांदा पाहिला तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी हसलं होतं. मला त्या हसण्याचा राग नाही आला. दुसऱ्याचं रडणं तोंड न फिरवता इतका वेळ बघायची आपल्याला सवयच नसते. सिनेमात बाई रडायला लागली की आपण अश्रू बघतो आणि पुढच्या प्रसंगाला जातो. इथं पुढचा प्रसंग नाहीच.

'द रिव्हर' मात्र मी दोनदा सलग बघू शकत नाही. एक मुलगा, म्हणजे ली, शूटिंग बघायला थांबतो. दिग्दर्शिकेला, ही भूमिका हाँगकाँगच्या खऱ्याखुऱ्या दिग्दर्शिकेनं, अॅन हुईनं केलीये, नदीत तरंगणारं प्रेत हवंय आणि डमी काही जमत नाहीये. मुलगा पाण्यात उतरतो. तामसुई नदीचं घाण पाणी. बाहेर येऊन अंग धुतो, पण वास जात नाही आणि मान वाकडी होते. तिथून पुढे सिनेमाभर ती वाकडी मान घेऊन तो हिंडतो. आई त्याच्या मानेला व्हायब्रेटर लावते, बाप अॅक्युपंक्चरला नेतो, देवाला कौल लावतात. आपल्याकडे लचक भरली की जे जे होतं ते सगळं. दुखणाऱ्या माणसाभोवती घर गोळा होतं, आणि या घरात तर एरवी तिघं एकमेकांशी बोलतही नाहीत. बाप आणि मुलगा पुढे ज्या अंधाऱ्या खोलीत एकमेकांना न ओळखता भेटतात, त्या प्रसंगाबद्दल इथं लिहिणार नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे. बर्लिनमध्ये या सिनेमाला रौप्य अस्वल मिळालं. मला राहून राहून वाटतं ते लीच्या घरच्यांबद्दल. कारण त्सायचे यातले काही सिनेमे लीच्या खऱ्या घरात चित्रित झालेत. तोच राइस कुकर, तेच जेवायचं टेबल. स्वतःचं दुखणं स्वतःच्याच घरात परत करून दाखवायचं, ही मागणी मैत्रीत बसते की तिचा फायदा घेते, हे मला आजही ठरवता येत नाही. ली हो म्हणत राहिला एवढं खरं.

मधल्या काळात दोघांचेही वडील गेले होते. 'व्हॉट टाइम इज इट देअर?' (2001) त्या दोन मृत्यूंतून आला. पहिल्याच शॉटमध्ये म्हातारा बाप (नट मियाओ तिएन) जेवण टेबलावर ठेवतो, मुलाला हाक मारतो, सिगरेट ओढतो, बाल्कनीतली कुंडी हलवतो. पुढच्या शॉटमध्ये तो अस्थिकलशात आहे. मधे काही नाही. ना हॉस्पिटल, ना रडारड. आईला वाटतं तो परत येणार, म्हणून ती खिडक्या झाकून घेते, त्याच्यासाठी पान वाढते. घरात झुरळ निघतं, मुलगा ते उचलून टाकीतल्या माशाला घालतो आणि आई घाबरते, तेच तुझे वडील असले तर? मी हे बघताना मोठ्यानं हसले आणि लगेच गप्प झाले. आमचे काका गेले तेव्हा दहाव्याला कावळा शिवत नव्हता. ऊन चढलेलं, गुरुजी घाईत, आणि घाटावर उभी असलेली शिकलीसवरलेली माणसं एकेक करून पिंडापुढे जाऊन वचनं देत होती: पोरीचं लग्न करतो, गावचं घर विकत नाही. काकांचा थोरला मुलगा, जो कशावरच विश्वास ठेवत नाही, तो कावळ्याकडे ज्या नजरेनं बघत होता ती नजर मला त्सायच्या सिनेमात परत दिसली. सिनेमातला मुलगा तैपेईच्या पादचारी पुलावर घड्याळं विकतो आणि पॅरिसला गेलेल्या एका अनोळखी गिऱ्हाइकासाठी सापडेल ते प्रत्येक घड्याळ पॅरिसच्या वेळेवर लावत सुटतो. तो पूल पुढे पाडला गेला, तेव्हा त्सायनं त्याच्या नसण्यावर एक छोटी फिल्म केली.

पाडलेल्या, बंद पडलेल्या, गळणाऱ्या जागांना हा माणूस सोडत नाही.

तैपेईलगत योंगहे भागात फूहो नावाचं एक प्रचंड जुनं थिएटर होतं. ते बंद होणार म्हटल्यावर त्सायनं ते भाड्यानं घेतलं आणि तिथं 'गुडबाय, ड्रॅगन इन' (2003) केला. शेवटच्या दिवसाचा खेळ. पडद्यावर दिग्दर्शक किंग हूचा 1967 चा गाजलेला तलवारपट 'ड्रॅगन इन', बाहेर पाऊस, आत जेमतेम मूठभर माणसं, त्यातली काही सिनेमा बघायला आलेलीच नाहीत. पाय ओढत चालणारी तिकीटवाली बाई जिने चढते, उतरते, बादल्या ठेवते, प्रोजेक्टरवाल्यासाठी अर्धा वाफाळता पाव घेऊन जाते. पहिला संवाद यायला अर्ध्याहून जास्त सिनेमा जातो. प्रेक्षकांत दोन म्हातारे आहेत, आणि ते त्याच जुन्या सिनेमातले नट आहेत: शी चुन आणि मियाओ तिएन, स्वतःच्या तरुण चेहऱ्यांकडे बघणारे. बाहेर लॉबीत दोघं भेटतात, आता सिनेमाला कुणी येत नाही आणि आपल्याला कुणी ओळखत नाही अशा अर्थाचं काहीतरी बोलतात. शेवटी दिवे लागतात, बाई झाडून जाते आणि कॅमेरा रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहतो. आमच्या तालुक्याच्या गावी एकच थेटर होतं. आता त्याचं मंगल कार्यालय झालंय. मध्यंतरी तिथं एका लग्नाला गेले होते. पडद्याच्या जागी स्टेज, नवरानवरीच्या खुर्च्या, वर बाल्कनीत केटररची भांडी रचलेली. आणि जमिनीला तो उतार तसाच. पंगतीची टेबलं एका बाजूनं विटा लावून सपाट केलेली, तरी मठ्ठ्याचा ग्लास पुढे पुढे सरकत होता. त्या उतारावरून लहानपणी अंधारात चाचपडत जाताना डोअरकीपरच्या बॅटरीचा उजेड पायापुढे पडायचा. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंना मी हे सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "हो ना, पार्किंग पण नाही नीट."

पण हे आठवणीचं गोड दुखणं त्सायला लावलं की तो निसटतो, कारण तो थेटर गेलं म्हणून उसासे टाकत बसलेला नाही. सुवर्णसिंह मिळवलेल्या माणसाच्या सिनेमाला त्याच्याच गावात प्रेक्षक नव्हता. नव्वदच्या दशकात तैवानी सिनेमाचा बाजार बसला होता, थिएटरवाले आठवडाभरही ठेवायला तयार नसत. तेव्हा हा, ली आणि बाकीची मंडळी रस्त्यावर उभं राहून स्वतः तिकिटं विकायची. कॉलेजांत जायची, भाषणं करायची, आगाऊ तिकिटं खपवायची. आपल्याकडे नाटकवाल्यांनी हे केलेलं आहे, त्यामुळे यात मला फार अप्रूप वाटत नाही. अप्रूप याचं वाटतं की त्यातून त्यानं "प्रेक्षकाला काय हवंय" हा धडा घेतला नाही. स्वतःची निर्मितीसंस्था काढली, पैसे फ्रान्सकडून आणले, पुढे संग्रहालयांकडून. ली आणि आईची भूमिका करणारी लू यी-चिंग यांच्याबरोबर कॉफीचं दुकानही चालवलं. 2014 मध्ये 'स्ट्रे डॉग्ज' त्यानं थिएटरांत न लावता तैपेईतल्या एका विद्यापीठाच्या संग्रहालयात लावला आणि लोकांना रात्री अंथरूण घेऊन झोपायला बोलावलं. त्याच्या सिनेमात झोप येते ही तक्रार त्यानं अशी उशीसकट स्वीकारली.

संग्रहालयवाला त्साय मला सगळाच पटतो असं नाही. लूव्रसाठी केलेला 'फेस' (2009) म्हणजे महागड्या आरशांत हरवलेला सिनेमा आहे. तिथं पैसा दिसतो, माणूस दिसत नाही. आणि 'द वेवर्ड क्लाउड' (2005). पाण्याचा दुष्काळ, कलिंगडं, छत्र्यांचे नाच, सगळं झकास आणि शेवट असा की मी थिएटरातून बाहेर येऊन कुणाशी बोलले नाही. त्या बेशुद्ध बाईच्या देहाचं काय करतोय हा दिग्दर्शक? टीका म्हणून दाखवलेलं क्रौर्य आणि क्रौर्य यांच्यात बोटभर अंतर असतं, ते तिथं मला दिसलं नाही. त्याचे भक्त यावर भांडतात, भांडोत.

'स्ट्रे डॉग्ज' (2013) बद्दल मात्र भांडणच नाही. ली आता चाळिशी ओलांडलेला. दोन मुलांचा बाप, राहायला घर नाही आणि काम काय तर भर पावसात वाहतुकीच्या मधोमध उभं राहून आलिशान फ्लॅटच्या जाहिरातीचा फलक धरायचा. दिवसभर. पिवळा रेनकोट वाऱ्यानं फडफडतोय. एका क्षणी तो जुन्या चिनी सेनापती यूए फेईची म्हणून ओळखली जाणारी जुनी वीरश्रीची कविता म्हणायला लागतो, राष्ट्र, पराक्रम, गमावलेली भूमी, आणि म्हणता म्हणता डोळे भरून येतात. पुण्यात बाणेर-बालेवाडीच्या चौकांत शनिवार-रविवारी अशीच पोरं उभी असतात, बिल्डरचा बाण धरून, टू बीएचकेच्या किमतीसकट. सिग्नलला गाडी थांबली की मी पूर्वी तो बाण वाचायचे. आता धरणाऱ्याचे खांदे बघते. सिनेमात पुढे एका रात्री मुलीनं डोळे-तोंड रंगवून बाहुली केलेला कोबी बापाला गादीत सापडतो. तो त्यावर उशी दाबतो, मग नखांनी फाडतो, खातो, रडतो, परत खातो. एवढ्या वेळात कोबी बाहुली राहत नाही, बायको राहत नाही, नुसता कच्चा कोबी उरतो आणि भूक.

लीला चालवण्याचा उद्योग याच सुमारास सुरू झाला. 2011 मध्ये तैपेईच्या राष्ट्रीय नाट्यगृहातल्या एका प्रयोगात ली रंगमंचावर अतिशय संथ चालला. ते बघून त्सायला वाटलं, बाकी काही नको, हेच पुरे. लाल कफनी, मुंडण, अनवाणी पाय, मान खाली, आणि एक पाऊल उचलून टाकायला लागणारा असह्य वेळ. त्सायच्या कॅमेऱ्यापुढे हाँगकाँगच्या गर्दीत तो एका हातात पाव आणि एका हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन चालला. मग मार्सेय, टोकियो, पॅरिस, वॉशिंग्टन. या चालणाऱ्यामागे त्सायच्या मनात आहे तो सातव्या शतकातला भिक्षू, आपल्या शाळेच्या पुस्तकातला ह्युएन त्सांग. आपल्याला तो एका परिच्छेदापुरता माहीत असतो: पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात आला, इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोडत नाहीत असं लिहून गेला, शिवाय लढाईआधी हत्तींना दारू पाजतात हेही. डोंगरातल्या ज्या मोठ्या विहाराचं वर्णन त्यानं केलंय तो अजिंठ्याचा मानतात. परीक्षेत याला दोन मार्क असायचे. हा माणूस इथवर आला होता, वाळवंटं आणि बर्फ ओलांडून, आणि परत जाईपर्यंत सोळा वर्षं गेली होती, हे वाक्य मी पाठ केलं होतं, पण त्यातलं एकही पाऊल कधी डोळ्यांपुढे आलं नव्हतं. मार्सेयच्या जिन्यावरून ली उतरतो, शेजारून बायका पिशव्या घेऊन जातात, पोरं वळून बघतात, कुणी मोबाइल काढतं. उन्हाचा तिरपा पट्टा पायरीवर येतो आणि टाच अजून हवेतच आहे. तेव्हा कुठं मला त्या दोन मार्कांच्या उत्तरातलं अंतर कळलं.

हे दोघं शहराबाहेर डोंगरात, पडीक घरांच्या वस्तीत राहतात. 2015 च्या 'आफ्टरनून' मध्ये तिथल्याच एका भिंती उडालेल्या खोलीत ते खुर्च्या टाकून बसलेत, मागे सगळं रान, आणि दोन तासांहून जास्त वेळ नुसत्या गप्पा. गप्पा तरी कसल्या, त्साय बोलतो आणि ली सिगरेट ओढतो. त्साय तेव्हा आजारी होता, आपण फार जगणार नाही असं त्याच्या डोक्यात बसलेलं. तो समलिंगी आहे, ली नाही. प्रेम म्हणायचं, कुटुंब म्हणायचं, की नुसतं एकमेकांजवळ म्हातारं होणं. तो स्वतःच चाचपडत बोलतो, कधी लाजतो, कधी डोळे पुसतो. ली मधेच असं काही साधं बोलतो की त्सायचं अर्ध्या तासाचं भाषण कोसळतं. मग हसू. मी हे बघताना सारखी कॅमेऱ्याच्या कडेला बघत होते, आता कुणीतरी चहा घेऊन येईल म्हणून.

'डेज' मध्ये लीसमोर जो दुसरा माणूस येतो, तो अनोंग हाउंगहुआंगसी, मूळचा लाओसचा, बँकॉकमध्ये कामाला असलेला. त्साय त्याला फूड कोर्टात भेटला. नंतर व्हिडिओ कॉलवर त्याला स्वयंपाक करताना बघून त्सायच्या मनात आलं की हे चित्रित करायला हवं. भाज्या धुणं, कोळसा पेटवणं, मासा, भात, सगळं त्याच्या रोजच्या वेगानं. हॉटेलच्या खोलीत तो दुखऱ्या अंगाच्या लीला मालिश करतो. त्यातून पुढे जे होतं ते होतं. जाताना ली त्याला एक छोटी संगीतपेटी देतो, त्यात चॅप्लिनच्या 'लाइमलाइट'ची धून. दोघं पलंगाच्या कडेला बसून ती ऐकतात. पैशाचा व्यवहार झालाय, तरी त्या खोलीत कुणाला कुठं जायची घाई नाही. पन्नाशीतलं शरीर दुखतंय आणि एका परक्या पोराचे हात त्यावर फिरताहेत, यापेक्षा जास्त गोष्ट त्सायला नकोय. तीस वर्षांपूर्वी त्याच्या सिनेमात निदान कुणीतरी फोन फोडायचं. आता शरीर हेच कथानक उरलंय आणि ते वय झाल्यामुळे आपोआप पुढे सरकतं, लिहावं लागत नाही.

अलीकडे ली दुसऱ्यांच्या सिनेमांतही दिसायला लागलाय. 2024 मध्ये त्याचे दोन आले. न्यूयॉर्कच्या स्थलांतरितांवरचा 'ब्लू सन पॅलेस', त्यात तो चक्क गप्पा मारतो, कॅराओकेत गातो. आणि सिंगापूरचा 'स्ट्रेंजर आइज', त्यात तो समोरच्या कुटुंबावर पाळत ठेवणारा, त्यांचं चोरून चित्रण करणारा शेजारी झालाय. दिग्दर्शकानं नट फार हुशारीनं निवडलाय: ज्याला आयुष्यभर कुणीतरी न्याहाळलं, त्याच्याच हातात कॅमेरा. सिनेमा चांगला आहे, गुंतवून ठेवतो, रहस्य नीट उलगडतं. पण ली पडद्यावर आला, खुर्चीत टेकला, काही करायच्या आधी त्यानं मान किंचित कडेला वळवली आणि कट झाला, कथा पुढे गेली. मी शेजारच्या मैत्रिणीला दंडाला धरून म्हटलं, "अगं, थांबा की जरा." ती म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही."